खाली बसणारा माणूस

आमच्या घरातली माणसं रागावली की झाडावर चढतात. हे मी अभिमानानं सांगत नाही आणि तक्रारही करत नाही. काहींच्या घरात शुगर असते, आमच्या घरात झाड आहे.

झाड म्हणजे जुन्या गावातला मोह. जुनं गाव ताडोबाच्या जंगलात अगदी आत होतं. मी नऊ वर्षांचा असताना सरकारनं आम्हाला तिथून उचललं आणि बाहेर, मोहर्लीच्या रस्त्याला, नव्या गावात आणून ठेवलं. ढोरं आली, पाटे-वरवंटे आले, मारुती आला. दारांच्या चौकटीसुद्धा लोकांनी बैलगाडीत घालून आणल्या. मोह तेवढा आणता आला नाही.

आता मी त्याच जंगलात गाइड आहे. नंबर लागला की जिप्सीत पुढं बसून जुन्या गावावरून जातो. तिथं गवत वाढलंय, चितळं चरतात. पर्यटक विचारतात, इथं आधी कोण राहायचं? मी सांगतो, मी. ते हसतात आणि पुन्हा वाघाची चौकशी करतात.

मोहापाशी गाडी थांबवून मी माहिती देतो. मार्चात फुलं पडली की अस्वलं येतात, फुलांची दारू होते, बियांचं तेल निघतं. तिसऱ्या फांदीवरची साल एका जागी गुळगुळीत का झाली आहे, हे मात्र सांगत नाही. ते अस्वलाचं काम नाही. ते आमच्या लोकांनी बसून बसून केलेलं आहे. जंगलात गाडीतून उतरायला परवानगी नसते, त्यामुळं गाव सुटल्यापासून मी आमच्या झाडाला हात लावलेला नाही. पाहुण्यासारखा येतो, बघतो, जातो.

चढणाऱ्यांत सगळ्यात उस्ताद माझे आजोबा, देवाजी. त्यांना आम्ही आबाजी म्हणायचो. ते लहान असताना मास्तरानं मारलं म्हणून एका सकाळी वर गेले आणि मास्तर बदलीच्या अर्जाचं बोलायला लागला तेव्हा उतरले. मी पहिल्यांदा चढलो तो साधनाताईमुळं. तिनं माझी निळी गोटी विहिरीत टाकली होती. ताई माझी मोठी बहीण. तिचं म्हणणं असं की गोटी आपण होऊन गेली.

झाडाची एक रीत होती. कोणी वर चढलं की घरातलं एक मोठं माणूस खाली येऊन बसायचं, झाडाकडं पाठ करून. वर बघायचं नाही, हाक मारायची नाही, उतर म्हणायचं नाही. हातात आपलं काहीतरी काम घ्यायचं आणि वरचा उतरेपर्यंत जेवायचं नाही. वरून शिव्या आल्या, रडणं आलं, तर ऐकून घ्यायचं. ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही.

माझ्या वेळी खाली आबाजी बसायचे. ते अंबाडीच्या वाखाची, म्हणजे सालीच्या धाग्यांची, दोरी वळायचे. दोरीला पीळ देताना दुसरं टोक धरायला एक माणूस लागतो. आबाजी वाख मांडीवर वळून तयार ठेवत आणि मग समोरच्या वावराला विचारल्यासारखं म्हणत, "टोक धराले कोणी हाय का?" वावर काही बोलायचं नाही. थोड्या वेळानं मी खाली उतरलेला असायचो आणि टोक माझ्या हातात असायचं. काऊन चढला होतास, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. दोरी पुरी झाली की दोघं जेवायला जायचो. आंबील, सुकटाची चटणी, आणि आबाजींच्या हाताला अंबाडीचा वास. आमच्याकडं दोरी खूप होती. आमच्या दारातल्या दोरीवरून गावाला कळायचं की या घरात राग किती आहे.

आता दिव्यानी. दिव्यानी म्हणजे साधनाताईची मुलगी, आठ वर्षांची, तिसरीत. तिचे बाबा, लच्छूभाऊजी, मिरची तोडायला तेलंगणात गेले आणि तिथंच एका गोदामात कामाला लागले, दिवाळीला येतात. ताई मोहर्लीच्या एका रिसॉर्टात स्वयंपाक करते, म्हणून मायलेकी आमच्याकडं राहतात. दिव्यानी दिवसचे दिवस छान असते. मग काहीतरी होतं. शाळेत कोणी तिचं खोडरबर घेतं, किंवा बाबांचा रविवारचा फोन येत नाही. आधी तिचं पोट दुखतं. मग ती सगळ्यात जवळ असलेल्या माणसाला चावते. मग शाळेमागच्या पाण्याच्या टाकीवर चढून बसते. टाकी दोन माणसं उंच, वर सपाट, भोवती कठडा, चढायला लोखंडी शिडी. नळयोजनेची आहे. पाच वर्षांत तिच्यावर पाणी काही चढलं नाही, दिव्यानी चढली.

तिनं जुना मोह कधी बघितलेला नाही. तिच्या जन्माच्या कितीतरी आधी गाव उठलं होतं. तरी चढते. त्यामुळं हे रक्तातलंच, असं माझं मत होतं, आणि ते मी विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगत होतो.

नव्या गावात ती चढली की सगळे धावत येतात, वर बघून ओरडतात, मोबाइल काढतात. हेडमास्तर शिट्टी वाजवतात. शिट्टीनं आजवर कोणी उतरलेलं नाही. फेब्रुवारीत तिचा व्हिडिओ चंद्रपूरपर्यंत गेला, तेव्हा हेडमास्तर म्हणाले की मुलांच्या मनाचं बघणाऱ्या मॅडम शाळेत येणार आहेत, त्यांचं पत्र घ्या, नाहीतर दाखला घ्या. माणूस वाईट नाही. पोरगी पडली तर काय, या विचारानं त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं होतं. ते त्यांनी आम्हाला मोजून दाखवलं.

व्हिडिओ सिंदेवाहीकडंही पोचला. तिथल्या एका खेड्यात नीलाबाई राहते, भाऊजींची आई, म्हणजे दिव्यानीची आजी. मॅडम यायच्या दिवशीच दुपारी नीलाबाई हजर झाली, हातात रिकामी पत्र्याची पेटी. तिच्या गावाजवळ मुलींचं वसतिगृह आहे. पोरीला तिथं घालायचं आणि साडेपाचच्या बसनं न्यायचं, हे ती घरून ठरवूनच आली होती. वसतिगृहाची इमारत एकमजली आहे, हे तिनं दोनदा सांगितलं. ताई न चढणाऱ्यांपैकी आहे, ती भांडी घासते. त्या दुपारी तिनं घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासली. दिव्यानी पेटीकडं बघत दारामागं उभी होती. तिला बोलवायचं कुणाला सुचलं नाही.

मोनाली मॅडम तीन वाजता आल्या. माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठ्या असतील. शाळेतून थेट घरी आल्या, कारण त्यांना घर बघायचं होतं. त्यांनी एक फॉर्म काढला. प्रत्येक प्रश्नाला तीनच उत्तरं: खरं नाही, थोडं खरं, अगदी खरं. आता आमच्याकडं पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत नाही. मूल सतत अस्वस्थ असतं का? ताई म्हणाली, अगदी खरं. मूल एका जागी शांत बसतं का? अगदी खरं. एकटं राहणं आवडतं? अगदी खरं. सगळ्यांत मिसळतं? तेही अगदी खरं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि चहा मागितला. चहानंतर ताई 'थोडं खरं'वर आली, आणि मग एकदम म्हणाली, "मॅडम, मी तिले जास्त मारलं काय? की कमी मारलं?"

मॅडम म्हणाल्या, आधी घरातली माणसं बघू. त्यांनी कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, जो चढायचा तो काळा करायचा. हे काम मी अंगावर घेतलं. माझा हेतू साफ होता. हे रक्तातलं निघालं की ताईचा दोष नाही, आणि दोष नाही तर पेटी रिकामीच परत जाईल. मला ते मॅडमकडून लेखी हवं होतं.

आबाजी काळे केले. आबाजींचे भाऊ काळे. मी काळा. आमचे बाबा, गोपालराव, पांढरे राहिले. ते रागावले की जेवत राहतात. इथपर्यंत ठीक होतं, पण मग मला उत्साह आला. मी म्हणालो, झिंगूकाका काळा करा. मॅडमनी विचारलं, तो आजोबांचा कोण? मी म्हणालो, गावाचा गुराखी. सुकरीबाई काळी करा. ती कोण? शेजारची, नवऱ्याशी भांडली की आमच्याच मोहावर यायची, त्यांच्या मोहाची फांदी कच्ची होती. आणि एकदा पोस्टमन चढला होता. साहेबानं त्याची रजा नाकारली होती. मॅडमनी पोस्टमनसाठी चौकोन काढला, काळा केला आणि रेघ कुठं जोडू म्हणून माझ्याकडं बघितलं.

तो एकटा चौकोन कागदाच्या कोपऱ्यात पडून होता. त्याच्याकडं बघताना मला पहिल्यांदा कळलं की आमच्या झाडावर रक्ताची माणसं कमी आणि बाकीचीच जास्त होती.

मॅडम सावकाश बोलल्या. राग पटकन येणं, भीती पटकन वाटणं, हे काहीसं जन्मातून येतं. पुढं त्याचं काय होतं, ते बरंचसं भोवतालावर असतं. आणि मूलही भोवताल बदलतं. चावणाऱ्या मुलाशी लोक वेगळं वागतात, मग मूल आणखी चावतं. एका पोरीत यातलं किती कुठून आलं, हे असं तोडून मोजता येत नाही. दोष म्हणून तर कुणाच्याच नावावर मांडता येत नाही.

नीलाबाईनं हे सगळं ऐकलं आणि बाजूला ठेवलं. "सुंभ जळते, पीळ नाई जळत," ती म्हणाली. "हे या घरचं रक्त हाय, मॅडम. आमच्या घरी कोणी साधं स्टुलावर नाई चढलं. कागदावर आमच्याकडचे गोल पांढरेच ठेवजा."

मग मॅडमनी मला विचारलं की दिव्यानीनं ते झाड बघितलंय का. मी म्हणालो, नाही. मग तिला झाडाबद्दल कोण सांगतं?

मी सांगतो. रोज, जेवताना. ती घास घेत नाही, मग मी सांगतो आणि ती खाते. पहिली फांदी, दुसरी फांदी, तिसरी फांदी. वरून तलाव कसा दिसायचा, पोपट कसे कानाजवळून जायचे, आबाजींनी मास्तराला कसं हरवलं. सगळं सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, आणि खाली? खाली काय व्हायचं?

खालचं मी कधीच सांगितलं नव्हतं. एक म्हातारा पाठ करून बसलाय आणि दोरी वळतोय, यात गोष्ट कुठली? पोरीला मी चढायला पुरतं शिकवलं होतं. उतरण्याचा भाग कंटाळवाणा वाटला म्हणून गाळला होता. वाघाची पाऊलखूण दाखवून पर्यटकांना दोन तास खिळवणारा माणूस मी, आणि मला हे दिसलं नव्हतं.

मी हे मॅडमना सांगेपर्यंत दारामागची दिव्यानी गेली होती.

ती कुठं असेल हे शोधावं लागलं नाही. आम्ही शाळेमागं पोचलो तर नीलाबाई आमच्या आधीच टाकीखाली. ती बासष्ट वर्षांची आहे, पण चालते धान कापायला निघाल्यासारखी. पोरगी वर कठड्याला टेकून बसलेली, फक्त केस दिसत होते. नीलाबाईनं तिला वसतिगृहात झोका आहे हे सांगितलं, मग नवा फ्रॉक, मग पोलीस. काहीच लागू पडलं नाही. शेवटी ती म्हणाली, "थांब, मीच आणतो तुले." तिनं लुगडं खोचलं आणि शिडी चढली. कुठं हात टाकायचा, कुठं पाय, एकदाही खाली न बघता, इतक्या सवयीनं, की मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

वर गेल्यावर ती पोरीला घेऊन येईल असं आम्हाला वाटलं. ती आली नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आता कठड्यावर केसांचे दोन झुपके होते, एक काळा आणि एक पांढरा.

हेडमास्तर पळत आले. त्यांनी शिट्टी तोंडाला नेली आणि मी त्यांचा हात धरला. गेल्या पंधरा वर्षांत मी मास्तरांचा हात धरायची हिंमत केलेली नाही. मॅडमनी हळूच विचारलं, आता? मी म्हणालो, आता पाठ करायची.

घरी आढ्याला आबाजींची शेवटची दोरी टांगलेली होती. ते गेले तेव्हा अर्धी राहिली होती, वाखाच्या जुड्यासकट. ती घेऊन मी आलो आणि टाकीकडं पाठ करून मातीत बसलो. ताई सुपात लाखोळीची डाळ घेऊन आली, माझ्या शेजारी बसून निवडायला लागली. मॅडमनी महिन्याचा अहवाल काढला. हेडमास्तरांना उभं राहून करण्यासारखं काही सुचेना, तेव्हा तेही वर्गातून हजेरीपट आणून बसले. असे आम्ही चौघं एका रांगेत, समोर हरभरा काढून मोकळं झालेलं वावर. मोहफुलांचा वास येत होता, दूर कुणाच्या तरी बांधावरून. डोळे मिटले असते तर मी नऊ वर्षांचा झालो असतो. मिटले नाहीत, कारण दोरी वळायला मला येत नव्हतं. आबाजींकडं मी दोनशे वेळा टोक धरलं असेल, वळायला एकदाही शिकलो नाही.

साडेपाचची बस आली, थांबली, हॉर्न वाजवून गेली. कोणी मान वळवली नाही.

मग सफारीवरून परतणारी एक जिप्सी रस्त्यावर थांबली. चार माणसं गप्प बसून एकाच दिशेला बघताहेत म्हटल्यावर पर्यटकांनी दुर्बिणी काढल्या. मागून दुसरी जिप्सी थांबली. दहा-बारा माणसं श्वास धरून हरभऱ्याच्या मोकळ्या वावराकडं बघत होती. एका बाईंना तिथं काहीतरी हललेलंही दिसलं.

वरून बोलणं यायला लागलं होतं. ऐकलेलं सांगायचं नाही ही रीत मी जाणतो. पण मी गाइड आहे, ऐकलेलं सांगण्यावर माझं पोट आहे, म्हणून एकच सांगतो. नीलाबाई म्हणत होती, "मी चिचेच्या झाडावर बसत होतो. तुह्याएवढी होतो तवा. माह्या बापानं मले नाई मारलं बाप्पा. त्यानं चीचच तोडली."

मग दिव्यानीचा आवाज आला, "मंग तू कुठी बसत होतीस?"

याचं उत्तर मला ऐकू आलं नाही. ताईला आलं असावं. तिचे हात सुपात थांबले होते.

वाख मांडीवर वळून मी दोन पेड तयार केले, जमले तसे. मग घसा साफ केला आणि वावराकडं बघून म्हणालो, "टोक धराले कोणी हाय का?"

जिप्सीतला एक माणूस म्हणाला, "मी येऊ का?" त्याला मी हातानं बसायला सांगितलं.

वर नीलाबाई पोरीला म्हणाली, "उलटा पीळ देऊन राह्यला तो. असा तं जलमभर नाई होत. जाय, टोक धर त्याचं."

शिडी वाजली. मी वळलो नाही. थोड्या वेळानं वाखाचं टोक कुणीतरी ओढलं. बघितलं तर दिव्यानी समोर उभी, दोन्ही मुठीत टोक धरून, गालावर टाकीचा गंज. तिनं विचारलं, "घट्ट धरू की हलकं?" मी म्हणालो, "आबाजी म्हणत, घट्ट." पाठोपाठ नीलाबाई उतरली, माझ्या हातातून दोरी काढून घेतली, उलगडली, पुन्हा पीळ दिला आणि नीट सुरू करून दिली. पण माझ्याकडं परत आल्यावर दोरी पुन्हा बिघडली. काऊन चढल्या होतात, असं त्या दोघींना कुणी विचारलं नाही. हेडमास्तर विचारणार होते. ताईनं त्यांच्यापुढं सूप केलं, तेव्हा तेही लाखोळी निवडायला लागले.

जेवायला उशीर झाला. नीलाबाईनं चार घास खाल्ले. मग ताटाकडंच बघत ताईला म्हणाली, "पोरगी इथीच राहू दे. खाली कोणी बसत असन, तं." ताईनं तिला आणखी भात वाढला. आमच्याकडं यालाच हो म्हणतात.

मॅडमचं पत्र आठ दिवसांनी आलं. दर पंधरा दिवसांनी त्या स्वतः दिव्यानीशी बोलायला येणार, बाबांनी ठरल्या वेळी फोन करायचा, टाकीऐवजी शाळेच्या आवारातल्या बुटक्या कडुनिंबाची सोय करायची. आणि शेवटी असं, की मूल वर असताना एका मोठ्या माणसानं जवळ शांत बसावं. हेडमास्तरांनी त्याचं वेळापत्रक करून भिंतीला लावलं. सोमवारी ते स्वतः आहेत. पत्राला चौकोन-गोलांचा तो कागदही जोडलेला होता, आणि त्यावर नीलाबाईच्या नावाचा गोल काळा होता. तो काळा करा, असं तिनं जाण्याआधी स्वतः मॅडमना फोन करून सांगितलं होतं.

दिव्यानी अजून चावते, पण आधी सांगते. जेवताना गोष्ट अजून लागते. आता मी ती खालून सुरू करतो, म्हाताऱ्यापासून, आणि गंमत म्हणजे ती वरच्या फांद्या विचारतच नाही. वाख किती लांब होता ते विचारते.

नीलाबाई टाकीवरून उतरली त्याच्या दुसऱ्या दिवशीच्याच बसनं गेली होती. पेटी रिकामीच होती, पण कडी सैल होऊन तिचं झाकण उघडायला लागलं होतं, म्हणून आमची नवी दोरी तिनं पेटीला बांधून नेली. म्हणाली, घरी गेल्यावर गायीले लावतो. दोन दिवसांनी तिचा फोन आला. गाय सुटून पार दुसऱ्या गावाच्या शिवारात सापडली होती. दोरीनं मधूनच पीळ सोडला होता.

दिव्यानीनं फोन माझ्याकडून काढून घेतला नाही, फक्त जवळ येऊन सांगितलं, "आजीले सांग, टोक म्या बराबर धरलं होतं."